भेंडीचा तोडा आणि अकराचं प्रशिक्षण

दादा, शेतातल्या बायकांना प्रशिक्षणाला जायला वेळच उरत नाही, असं मी मागच्या लेखात म्हटलं. त्याखाली तुम्ही लिहिलंत, "वेळेचं रडगाणं पुरे. शहापूर-मुरबाडला भेंडीचं प्रशिक्षण फुकट असतं, बायकांना कोणी अडवत नाही. त्यांनाच रस नाही. बचत गटाला बरा वेळ मिळतो!"

रात्री पिकअपमधून माल घेऊन वाशी मार्केट गाठणाऱ्या पुरुषाची झोपमोड होते, हे कबूल. पण तो परतल्यावर आडवा होतो आणि घर त्याला झोपू देतं.

भात निघालं की आपल्याकडे भेंडी लागते. तोडा सुरू झाला की दिवसाआड तोडावीच लागते. एक खाडा पडला की भेंडी जून होते आणि आडत्या ती बाजूला काढतो. म्हणून उजाडताच बायका शेतात. अंगात नवऱ्याचा जुना लांब बाह्यांचा शर्ट, हाताला फडकं गुंडाळलेलं, कारण भेंडीच्या लवेने खाज सुटते ती सुटतेच. मग निवड, क्रेट भरणं, घरी येऊन चूल. उन्हाळ्यात हंडे. तानसा, भातसा ही धरणं शहापुरातच, पण धरण उशाला नि कोरड घशाला.

आणि प्रशिक्षण असतं अकरा वाजता, तालुक्याला!

२०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बाईची त्यात रोज २९९ मिनिटं जात होती, पुरुषाची ९७. पाणी-सरपण त्यात धरलेलंही नाही, त्याचं खातं वेगळं.

रसाचं म्हणाल, तर ठिबकच्या अनुदानाला जमीन स्वतःच्या नावावर लागते, आणि सातबारा बहुधा सासऱ्याच्या नाहीतर नवऱ्याच्या नावावर. आडत्याची पट्टी, म्हणजे विक्रीची पावतीही त्याच्याच नावाने फाटते. कीड कुठल्या ओळीत शिरली ते आधी तिला दिसतं, फवारायचं काय ते मात्र त्याला शिकवतात.

बचत गटाचा मुद्दा काढून तर तुम्ही माझंच काम हलकं केलंत. ती बैठक रात्री जेवणं उरकल्यावर, पाड्यातच, कोणाच्या तरी ओटीवर होते. पोरं मांडीवर, हप्ते जमा, की घरी. सहाय्यक कृषी अधिकाऱ्याने (पूर्वीचा कृषी सहाय्यक) एकदा त्या ओटीवर येऊन मोबाइलवर रोगाचे फोटो दाखवावेत, मग रसाचं बोलू. सहाय्यक बाई असेल तर तिच्या घरच्या स्वयंपाकाचं काय, असं तुम्ही विचारालच. प्रश्न रास्त आहे. त्यावर तुम्हाला काय सुचतं, तेही लिहा.