‘ॲ’ फक्त इंग्रजांचा? बंगाली आणि सिंहली ऐका

मराठीप्रेमींच्या गटांत एक मजकूर सतत फिरत असतो: ‘ॲ हा स्वर इंग्रजांचा, भारतीय कुळातल्या भाषांत तो नाहीच. हिंदीवाले बैंक लिहितात, त्यांचं काही अडत नाही. मग मराठी वर्णमालेत हे ओझं कशाला?’ यातली एक गोष्ट खरी आहे. प्रमाण मराठीत अर्थभेद करणारा स्वर म्हणून ॲ रुजला तो इंग्रजी शब्दांबरोबर. बाकीचं मात्र टिकत नाही.

‘आपल्या कुळातल्या भाषांत नाही.’ बंगाली माणूस ‘एक’ लिहितो आणि ‘ॲक’ म्हणतो. ‘खेला’ लिहितो, ‘खॅला’ म्हणतो. एकाच क्रियापदात दोन्ही स्वर सापडतात. ‘मी पाहतो’ला ‘आमि देखि’, तिथे ए. ‘तो पाहतो’ला मात्र ‘शे दॅखे’. पुढच्या अक्षरात इ आला की जीभ वर राहते आणि ए टिकतो. घरच्या क्रियापदांत असा नियमाने होणारा बदल इंग्रजीकडून उसना येत नाही. बंगाली लिपीत या स्वराला स्वतंत्र अक्षर नाही, म्हणून तो नजरेतून सुटतो. लिपीत अक्षर नाही म्हणजे भाषेत स्वर नाही, हीच या दाव्याची मूळ चूक.

सिंहलीत तर अक्षरंही आहेत, ऱ्हस्वाला एक आणि दीर्घाला एक. हा स्वर तिथे कसा घडला तेही दिसतं. ‘अक्षि’चं ‘ॲस’ झालं, म्हणजे डोळा. ‘अस्थि’चं ‘ॲट’, म्हणजे हाड. शेवटची इ झिजून गेली, पण जाण्याआधी तिने आधीच्या अ-ला तोंडात पुढे ओढलं. इंग्रज श्रीलंकेत पोचण्याच्या कितीतरी शतकं आधीची ही घडामोड.

‘जगात तो इंग्रजांचाच.’ इराणी फारसीत ‘दस्त’चा उच्चार ‘दॅस्त’च्या जवळ जातो. फिनिशमध्ये डोक्यावर दोन टिंबं असलेल्या रोमन a ने (ä) लिहिला जाणारा हा नेहमीचा स्वर आहे. उलट इंग्रजीच्या सख्ख्या नात्यातल्या प्रमाण जर्मनमध्ये तो नाही. इंग्रजी ‘हॅंड’ जर्मन माणसाच्या तोंडी बहुधा ‘हेंड’ होतो. इंग्लंडच्या दक्षिणेतही तरुणांचा ॲ आता आ-कडे सरकलेला ऐकू येतो.

मोजमाप हवं असेल तर पीटरसन आणि बार्नी या ध्वनिसंशोधकांची १९५२ची अमेरिकी पुरुषांची सरासरी पाहा. ॲ-चे पहिले दोन अनुनाद (स्वर उच्चारताना तोंडाच्या पोकळीत घुमणाऱ्या कंपनसंख्या) ६६० आणि १७२० हर्ट्झ, तर ‘बेड’मधल्या स्वराचे ५३० आणि १८४०. जबडा जितका उघडा तितका पहिला आकडा मोठा. जीभ जितकी पुढे तितका दुसरा. उच्चार शिकवताना हेच वापरा: ए म्हणत राहा, जिभेचं टोक खालच्या दातांना टेकलेलं ठेवा आणि फक्त जबडा खाली सोडा. जीभ मागे सरकली की आ होतो. जबडा अर्ध्यावर अडला की ए-च राहतो.

‘हिंदीचं अडत नाही.’ अडत नाही, कारण प्रमाण हिंदीत ‘बैल’, ‘पैसा’ यांतला ऐ हा एकसंध, उघडा स्वर आहे, ॲ-च्या शेजारचा. मराठीत ऐ म्हणजे ‘अइ’. ‘बैंक’ हे मराठी माणूस ‘बइंक’ असंच वाचणार. ए लिहावं, तर ‘बॅट’ आणि ‘बेट’ एक होतात. ६ नोव्हेंबर २००९च्या शासन निर्णयाने ॲ आणि ऑ वर्णमालेत घेतले, ते रास्तच होतं.

खरी अडचण आहे ती टंकलेखनात. संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये मराठी वळणाचा ‘ॲ’ (क्रमांक ०९७२) २००८ साली आला. त्याआधीचा मजकूर ‘ऍ’ने किंवा ‘अ’ला सुटी चंद्रखूण (०९४५) जोडून लिहिलेला असतो. संगणकाला ही तीन वेगळी अक्षरं वाटतात, त्यामुळे ‘ॲप’ शोधताना ‘ऍप’ निसटू शकतं. जुनी फाइल हाती आली की शोधा-बदला वापरून बाकीची दोन्ही रूपं ‘ॲ’मध्ये बदलून घ्या, पण मॅ, कॅ अशा व्यंजनांवरच्या चंद्रखुणेला हात लावू नका.