वरून सगळं दिसतं

गाडीचा टप मालकाचा नसतोच मुळी, तो वरच्या मजल्यांचा असतो. मालकाला टप पाहायचा तर शिडी लागते, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरच्यांना तो सकाळच्या चहाबरोबर फुकट दिसतो. त्यामुळे आमच्या कॅम्पर व्हॅनच्या टपाची तब्येत बिघडल्याची बातमी मला गॅलरीतूनच कळली.

"अहो, तुमच्या त्या फिरत्या बंगल्याचं छप्पर पांढरं पडलंय!"

"ते पांढरंच आहे, काकू."

"तसं पांढरं नव्हे हो. आजारी पांढरं."

काकूंचं निदान अचूक होतं. टप फायबरचा. काचेच्या तंतूंत पॉलिएस्टर रेझिन मुरवून केलेला आणि वर चकाकीसाठी जेलकोटचा पातळ थर. वर्षानुवर्षं ऊन खाऊन हा थर मरतो आणि हात फिरवला की बोटांना खडू लागतो. गाडी विकणाऱ्याने "फायबर आहे, गंजायचा प्रश्नच नाही" असं छातीठोकपणे सांगितलं होतं. ते खरंच आहे. गंजत नाही, पण भुकटी होते, एवढं सांगायचं त्याच्याकडून राहिलं.

गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून सौ. म्हणाल्या, "एवढ्यात आपलं अख्खं घर रंगवून झालं होतं." म्हणजे टप घरीच रंगवायचा हे ठरलं. मला कोणी विचारलं नाही.

रंग आणायला रविवार पेठेत बोहरी आळीत गेलो. तिथे गिऱ्हाईक आधी उमेदवार असतो, मुलाखत पास झाला तरच माल मिळतो.

"कशाला लावायचाय?"

"टपाला."

"पत्रा की फायबर?"

"फायबर."

"कोण लावणार?"

"मीच."

दुकानदारांनी चष्मा कपाळावर चढवून मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि आतल्या पोऱ्याला हाक मारली, "यांना घासायचा वॉटर पेपर जरा जास्तच दे." सौ.ना आकाशी रंग हवा होता. पण आरसी बुकात रंग पांढरा लिहिलेला. तो बदलायचा म्हणजे आरटीओत नोंद करणं आलं. आरटीओ हा शब्द काढताच सौ.ना पांढरा आवडू लागला. शिवाय पांढऱ्याखाली गाडी कमी तापते. मग पांढऱ्यातले प्रकार सुरू झाले. दूधपांढरा, मोतीपांढरा, नुसता पांढरा. आम्ही नुसता घेतला.

घासण्याआधी टपावरचं जुनं पॉलिश आणि मेण पुसून काढावं लागतं, नाहीतर घासताना तेच ओरखड्यांत जाऊन बसतं आणि नव्या रंगाला डोळे पडतात, म्हणजे रंग न धरणारे गोल खड्डे. पुसून झालं की पाणी ओतून पाहायचं. पाण्याचे थेंब झाले तर मेण शिल्लक आहे, सलग चादरीसारखं पसरलं तर टप स्वच्छ. मी फळीवर ओणवा होऊन पाण्याचा एक मग ओतला. मधोमध छान चादर पसरली, कडेला मात्र टपोरे थेंब गोळा होऊन बसले. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरून काका गरजले, "खडकवासल्यात साठा किती उरलाय माहितीये का?" पुण्याला पाणी देणारी चारही धरणं काठोकाठ भरली तरी २९.१५ टीएमसी, हा आकडा काकांना स्वतःच्या जन्मतारखेआधी आठवतो. त्यातला एक मग मी सर्वांसमक्ष टपावर ओतला होता.

फायबरच्या टपावर उभं राहायचं नसतं, तो लवतो आणि तडकतो. म्हणून रंगाऱ्याकडून फळी आणि ती टेकवायचे दोन घोडे भाड्याने आणले होते. घाई केली की आई नेहमी म्हणायची, "घोड्यावर बसून आलायस का?" या वेळी उत्तर हो होतं.

घासकामाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण आठवलं की अजून खाजतं. पाणी लावून घासलं तर धूळ उडत नाही, पण पाणी म्हटलं की काका. म्हणून कडेचा काही भाग मास्क लावून कोरडाच घासला. काचेचा तो बारीक भुगा बाहीतून, कॉलरमधून आत शिरतो आणि दिसत मात्र कुठेच नाही. त्याच दिवशी सौ.च्या मावसभावाच्या मुलाची मुंज. कार्यालयात मंगलाष्टकं चालू होती आणि माझी पाठ पेटली होती. शेवटी खांबाला पाठ टेकून, अक्षता टाकण्याच्या निमित्ताने हळूहळू वरखाली होत राहिलो. शेजारचे आजोबा कौतुकाने म्हणाले, "वा! आजकाल कोण इतकं तल्लीन होतं?"

खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, पुन्हा घासलं, प्रायमर लागला. मग आला रंगाचा दिवस. स्प्रे मारायचा नव्हता. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन रंग, त्याला घट्ट करायला मिसळायच्या हार्डनरचा फवारा फुफ्फुसांना घातक, आणि पार्किंगमधल्या सगळ्या स्कूटर पांढऱ्या झाल्या असत्या तो भाग वेगळा. म्हणून स्पंजचा रोलर आणि मागोमाग हलक्या हाताने ब्रश. हार्डनर मिसळला की घड्याळ सुरू होतं. डबा आतल्या आत घट्ट व्हायला लागतो आणि मे महिन्यात तर फारच लवकर. त्याला वामकुक्षी कळत नाही की "चहा घेऊन येतो" कळत नाही. भर उन्हात लावला तर ब्रशचे पट्टे राहतात, संध्याकाळी लावला तर वळवाचा पाऊस. म्हणून पहाटे उजाडताच सुरुवात केली.

पहिला अर्धा टप असा काही लागला की मी खाली उतरून स्वतःशीच हसलो. मग वारा सुटला. आमच्या पार्किंगवर सोनमोहोर आहे आणि मे महिन्यात तो सढळ हाताने देतो. पिवळ्या पाकळ्या एकेक करत ओल्या पांढऱ्यावर बसल्या. चिमट्याने काढायला गेलं की रंगही उचकटतो, म्हणून वाळेपर्यंत हात लावायचा नसतो. गॅलरीतून काकू: "अगबाई, हळदीकुंकू का हो?"

पाकळ्या वाळल्यावर घासून काढल्या, दुसरा हात मारला. टप आरशासारखा झाला. मी आठवडाभर येता-जाता शिडी लावून पाहत होतो.

मग काकांचं पत्र आलं, लेखी, सेक्रेटरींमार्फत. सकाळच्या उन्हात आमचा टप त्यांच्या हॉलच्या छतावर चमकतो, टीव्ही दिसत नाही, तरी "संबंधितांनी योग्य तो बंदोबस्त करावा". सेक्रेटरींनी तोडगा काढला, की सकाळी टपावर ताडपत्री टाकायची. ताडपत्री मी आणायची की सोसायटीने, हा विषय पुढच्या मीटिंगला ठेवलाय, गळक्या टाकीच्या लगेच नंतर. गळकी टाकी गेल्या दिवाळीपासून चालू आहे.