‘तीन दिवस समुद्र बघितला, राग होता तिथेच’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार. तुमचा रिव्ह्यू मी दोनदा वाचला. रागावर ताबा मिळवायला तुम्ही आमच्याकडे व्हीआरचे, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून आभासी जगात नेणारे, तीन सेशन घेतलेत. दहाव्या मिनिटाला मळमळायला लागलं, तेव्हा आमच्या सहकाऱ्यानं ‘डोळे मिटा, होईल बरं’ एवढंच सांगितलं. तिन्ही सेशनला समुद्रकिनाराच दाखवला. आणि नंतरच्या मीटिंगमध्ये तुम्ही पूर्वीसारखेच भडकलात. शेवटी तुम्ही लिहिलंत, ‘हे खेळणं आहे, उपचार म्हणून विकतात.’ तुम्ही स्वतः जेवढं लिहिलंय तेवढ्यावरच मी इथे बोलेन. बाकी तुमचं खाजगी आहे.

मळमळीबद्दल आधी माफी मागते. त्या हेडसेटच्या भिंगांमधलं अंतर आधीच्या व्यक्तीच्या डोळ्यांप्रमाणे तसंच राहिलं होतं. प्रौढांच्या डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं, पण माणसागणिक ते बदलतं आणि काही मिलिमीटरच्या फरकानंही डोळे शिणतात. त्यात दृश्य पुढे सरकत होतं आणि तुम्ही खुर्चीत बसून होतात. डोळे म्हणतात चालतोय, आतला कान म्हणतो बसलोय. पोट ढवळतं ते या भांडणामुळे. जांभया किंवा घाम दिसला की लगेच हेडसेट उतरवायचा, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असायला हवं होतं. आता प्रत्येक वेळी अंतर मोजूनच सुरुवात होते आणि पहिल्या सेशनला सरकणारं दृश्य ठेवत नाही.

‘खेळणं’ हा शब्द मात्र मला पटत नाही. १९९५ मध्ये मानसशास्त्रज्ञ बार्बरा रॉथबॉम, संगणकतज्ज्ञ लॅरी हॉजेस आणि सहकाऱ्यांनी उंचीची भीती असलेल्या लोकांना आभासी पूल, गच्च्या आणि काचेच्या लिफ्टमध्ये उभं केलं. भीती उतरेपर्यंत तिथेच थांबायचं, मग आणखी वर जायचं. पुढे व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांसाठीही ही पद्धत वापरली गेली. भाजलेल्या रुग्णांच्या जखमा साफ करताना त्यांना बर्फाच्या जगात नेऊन बर्फाचे गोळे फेकायला लावतात, तेव्हा वेदना कमी जाणवतात. या सगळ्यांत माणूस काहीतरी करत असतो.

तुम्हाला आम्ही फक्त बघायला लावलं. खरी चूक इथे झाली, आणि ती मळमळीपेक्षा मोठी आहे. समुद्रानं त्या वेळेपुरतं शरीर शांत होतं. मीटिंगमधला राग मीटिंगसारख्याच प्रसंगात हाताळायला शिकावा लागतो. हेडसेटमधल्या आभासी मीटिंगमध्ये समोरचा तुमचं वाक्य तोडतो, आवाज चढवतो. तेव्हा जबडा आवळला गेलाय हे ओळखायचं, श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आणायचा, सोडताना जास्त वेळ घ्यायचा, आणि मग बोलायचं. फसलं तर तोच प्रसंग पुन्हा. आमच्याकडे एकजण पहिल्यांदा खुर्चीचा हात इतका घट्ट धरून बसले की बोटांची पेरं पांढरी पडली होती. पाचव्या वेळी त्याच वाक्याला त्यांचा हात सैल होता. त्यांच्या स्वतःच्या ते लक्षातही आलं नव्हतं, आम्ही दाखवलं तेव्हा कळलं.

तुम्ही पहिल्याच पायरीवर तीन दिवस राहिलात आणि ही पहिली पायरी आहे, हेही कुणी सांगितलं नाही. शिवाय तीन सेशन फार कमी. जुनाट पाठदुखीसाठी अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) नोव्हेंबर २०२१ मध्ये ज्या व्हीआर कार्यक्रमाला परवानगी दिली, तो आठ आठवडे रोज करायचा आहे, एका वेळी २ ते १६ मिनिटं. आणि भीतीवर जेवढं संशोधन झालंय तेवढं रागावर झालेलं नाही, हे मी आमच्या समोर बसलेल्या प्रत्येकाला सांगायला हवं. उलट आमच्या जाहिरातीत ‘तीन सेशनमध्ये राग आटोक्यात’ असं वाक्य होतं. ते मी मंजूर केलं होतं. आज काढलं.

तिन्ही सेशनचे पैसे परत पाठवले आहेत. पुन्हा यावंसं वाटलं, तर पहिला तास हेडसेटशिवाय, आमच्या मानसशास्त्रज्ञांसोबत, फक्त बोलण्याचा असेल. त्याचे पैसे घेणार नाही. यावंसं नाही वाटलं तरी समजू शकते. तुमच्या नोंदींची प्रत मागवून घ्या, दुसऱ्या समुपदेशकाकडे जाताना उपयोगी पडेल. रिव्ह्यू आहे तसाच राहू दे.