सिसिलीत वाडा घेऊ इच्छिणाऱ्या नागपूरकरांसाठी

सर्वांत आधी काटोलकडचं वडिलोपार्जित घर डोक्यातून काढून टाका. त्याचं काही होणे नाही, असं तुम्हीच दर दिवाळीला सांगता. मागची भिंत बसली, कौलं माकडांनी फोडली, आखीव पत्रिकेवर अजून आजोबांचंच नाव आहे आणि सह्या करायला हवेत ते चुलते-आतेभाऊ पुण्यापासून न्यू जर्सीपर्यंत पांगलेत. अशा भानगडीत शहाण्या माणसाने पडू नये, त्याने इटलीतल्या सिसिली बेटावर घर घ्यावं. तिथेही मागची भिंत बसलेली असते, कौलं फुटलेली असतात आणि वारस मिलानपासून अर्जेंटिनापर्यंत पांगलेले असतात. पण फोटोत ऊन काय सुंदर पडलेलं असतं!

किंमत एक युरो. आजच्या भावाने शंभर रुपयांच्या आसपास, म्हणजे तर्री-पोहे आणि वर चहा. फक्त घाई करा. सांबुका दी सिसिलिया या गावाने 2019 साली एक युरोपासून घरं विकायला काढली, 2021 मध्ये दोन युरोपासून आणि 2024 मध्ये तीन. पाच वर्षांत भाव तिप्पट! बेसा-मनीषनगरच्या बिल्डरांनाही हे जमलं नसेल. हे आकडे लिलावाच्या बोलीची सुरुवात असतात आणि बोली हजारांत जाऊन थांबते, ही बारीक बाब घरी सांगायची गरज नाही. तीन वर्षांत दुरुस्ती पुरी करण्याची अट आणि ती मोडल्यास बुडणारी, बहुधा पाच हजार युरोंची अनामत, याबद्दल तर तोंडच उघडू नका.

इतकं स्वस्त का, असं विचारणारा एक मेव्हणा प्रत्येक घरात असतो. त्याला सांगा, निसर्गाची कृपा. जानेवारी 1968 मध्ये सिसिलीतल्या बेलिचे नावाच्या खोऱ्यात भूकंप झाला, माणसं उठून गेली ती परतलीच नाहीत. सालेमी गावच्या महापौरांनी 2008 साली अशीच ओसाड घरं एक युरोत द्यायची घोषणा केली होती. भूकंप न झालेल्या गावांतली पोरंसुद्धा कामधंद्यासाठी निघून गेलीच. गावात ना पोरं, ना दवाखाना, ना संध्याकाळी सातनंतर एखादं उघडं दुकान. तुम्हाला हवी असलेली शांतता ती हीच.

आता पैसे. रिझर्व्ह बँक माणशी दर आर्थिक वर्षाला 2,50,000 डॉलर बाहेर पाठवू देते, त्यात परदेशातली स्थावर मालमत्ताही बसते. बँक यासाठी कर्ज मात्र देणार नाही. तेव्हा एफडी मोडा, बायकोच्या नावावरचीही. दहा लाखांच्या वरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, आधीच कापला जाईल. तो रिटर्नमध्ये वळता होतो, धीर धरा. पुढे दरवर्षी रिटर्नच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात घर दाखवायचं. विसरलात तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली दहा लाखांचा दंड होऊ शकतो. शंभर रुपयांच्या घरावर दहा लाखांचा दंड! पानठेल्यावर सांगायला यापेक्षा भारी गोष्ट नाही. “काऊन बे, तिकडंच राहाले जाऊन राहिला का?” असं कोणी विचारलंच तर विषय बदला. घरासोबत व्हिसा मिळत नाही. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाचा, नियम तुमच्या वाड्यालाही लागू आहे: 180 दिवसांत फार तर 90 दिवस राहायचं. बाकीचे दिवस वाडा स्वतःकडे स्वतः बघेल.

एक लहानशी अडचण आहे. इटलीत परस्परतेचं तत्त्व चालतं. बाहेरच्या माणसाने तिथे घर घ्यायचं, तर त्याच्या देशात इटालियन माणसाला घर घेता येतं का, हे पाहतात. आणि आपला फेमा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा, भारतात न राहणाऱ्या, भारतीय वंशाच्या नसलेल्या परदेशी माणसाला इथे घर विकत घेऊ देत नाही. हा विषय तिथल्या नोटरीसमोर स्वतःहून काढू नका. तो काढेलच. आणि हा नोटरी आपल्या जिल्हा न्यायालयाबाहेर शिक्का घेऊन बसणारा नव्हे. याची फी ऐकून पाणी मागावं लागतं.

समजा, तरीही घर मिळालं. मग ओळखीचा मिस्त्री इथूनच न्यायचा मोह होईल. अवश्य न्या. नागपूरच्या महाल भागातले जुने वाडे त्याच मंडळींनी दुरुस्त केलेत: चुन्यातल्या भिंतीवर सिमेंटचा जाड थर, वर ऑइलपेंट. भिंतीतली ओल बाहेर पडायला जागा राहत नाही आणि दोन पावसाळ्यांत पोपडे हातात येतात. सिसिलीच्या दगडी भिंतीही चुन्यातल्याच, तेव्हा अनुभव वाया जाणार नाही. गावच्या जुन्या भागात खिडकी बदलायलाही परवानगी लागते; रंग कोणता, हे पुरातन वास्तूंचं खातं सांगेल. नागपूर सुधार प्रन्यासाकडून प्लॉटचं आरएल पत्र काढताना ज्याने हाय खाल्ली नाही, त्याला यात काय विशेष!

छपरावर राखाडी सिमेंटचे पत्रे असतील तर हात लावू नका, ते अ‍ॅस्बेस्टॉस. इटलीने 1992 च्या कायद्याने त्यावर बंदी घातली, काढायला मास्कवाली खास माणसं लागतात आणि बिल वेगळं. आपण त्याच पत्र्यांवर दर उन्हाळ्यात मुगवड्या वाळवतो, हे त्यांना सांगू नका. उगाच घाबरतील.

खर्चाची काळजी करू नका, तिथलं सरकार दिलदार आहे. ऊर्जा वाचवणाऱ्या दुरुस्तीवर त्यांनी 2020 साली 110 टक्के करसवलत दिली. शंभरावर दहा! सगळा देश एकदम घरं दुरुस्त करायला धावला, परांच्या मिळेनात, मालाचे भाव चढले, तिजोरीने हात टेकले आणि योजना आवरती घेतली. तुम्ही आता निघताय.

राहायला मात्र ऑगस्ट टाळा. 15 ऑगस्टला तिकडेही सुट्टी असते, पण त्यांची सुट्टी त्या दिवसाच्या दोन्ही बाजूंना भरपूर पसरते, प्लंबर समुद्रावर असतो. शिवाय सिसिलीतच, फ्लोरिडियाला, 11 ऑगस्ट 2021 रोजी 48.8 अंश तापमान नोंदलं गेलं, युरोपातला विक्रम. आपल्याकडे 2024 च्या मे महिन्यात यंत्राने 56 दाखवले होते, पण ते यंत्रच बिघडलेलं निघालं. त्यांचा आकडा जागतिक हवामान संघटनेने तपासून खरा ठरवलाय. तेव्हा कूलर सोबत असू द्या, वाळ्याच्या ताट्यांसकट. कूलरला पाणी लागेल. त्या भागात 2024 च्या दुष्काळात नळ पाळीपाळीने सुटत होते, म्हणून लोक छतावर टाक्या ठेवतात. एक हजार लिटरची तुम्हीही घ्या. ती ठेवायला छत लागेल. त्याची परवानगी सप्टेंबरात मागा. ऑगस्टात खिडकीवर कोणी नसतं.