स्वस्त पेट्रोल म्हणजे हलकं पेट्रोल?

गेल्या पंधरवड्यात माझ्या गॅरेजमध्ये तिघांनी मला मोबाइलवर तोच मेसेज उघडून दाखवला. तिसऱ्याने तर गाडी आत घ्यायच्या आधीच विचारलं, "मिस्त्रीनू, गोव्याचा पेट्रोल हलका असता म्हणतत. खरा काय?" मेसेज लांबलचक आहे, पण त्याचं सार एवढंच. सीमेपलीकडचं स्वस्त पेट्रोल आणि खासगी पंपांवरचं सवलतीचं पेट्रोल भेसळीचं असतं. साध्या पेट्रोलने इंजिनात कार्बन बसतो. म्हणून नेहमी प्रीमियमच भरा, ॲव्हरेज 20 टक्के वाढतं. शिवाय सकाळी लवकर, पेट्रोल थंड असताना भरा, आणि माप मारलं जाऊ नये म्हणून 500 ऐवजी 510 चं भरा.

मी सावंतवाडीत गाड्या दुरुस्त करतो. लोक हा मेसेज वाचून दरमहा दोन-तीनशे रुपये उगाच घालवतात आणि ज्याकडे लक्ष द्यायला हवं ते राहून जातं, म्हणून हे लिहितोय.

"पलीकडे स्वस्त आहे, म्हणजे माल हलका आहे."

आमच्याकडून बांदा ओलांडून पत्रादेवीला गेलं की गोवा लागतो आणि पेट्रोल बऱ्याचदा लिटरमागे सात-आठ रुपयांनी उतरतं. हा फरक मालाचा नाही, कराचा आहे. पेट्रोल जीएसटीत नाही, त्यावर प्रत्येक राज्य आपापला व्हॅट लावतं. महाराष्ट्रात तो टक्केवारीने लागतोच, वर लिटरमागे 5 रुपये 12 पैसे अधिकचा कर आहे. गोव्याचा कर कमी आहे. प्रत मात्र दोन्हीकडे सारखीच ठेवावी लागते. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 (भारत स्टेज, म्हणजे धुराबाबतच्या सरकारी मानकाचा सहावा टप्पा) प्रतीचंच पेट्रोल विकायचं बंधन आहे. त्यात गंधक दहा लाख भागांत जास्तीत जास्त 10 भाग चालतं. आधीच्या बीएस-4 मध्ये ते 50 पर्यंत चालायचं. ही मर्यादा राज्याराज्यांत बदलत नाही.

खासगी पंपांचंही तेच. 2023 च्या मे-जूनमध्ये नायरा या खासगी तेल कंपनीने सरकारी कंपन्यांपेक्षा लिटरमागे एक रुपया कमी घेतला, तेव्हा हा संशय जोरात पसरला होता. पण नायराच्या गुजरातमधल्या वाडिनारच्या कारखान्यातला माल सरकारी कंपन्याही विकत घेतात. तेल कंपन्या एकमेकींच्या कारखान्यांतून आणि डेपोंतून पेट्रोल उचलतात. डेपोपर्यंत ते जवळपास सारखंच असतं. वेगळेपण येतं ते कंपनी आपलं रसायन त्यात मिसळते तिथे, आणि पुढे टँकर आणि पंपाची टाकी किती स्वच्छ आहे त्यावर.

आता भेसळ. ती होत नाही असं मी कधीच म्हणणार नाही. 25 जानेवारी 2011 ला मनमाडजवळ पानेवाडीत मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलाच्या भेसळखोरांनी जिवंत जाळलं. ते महाराष्ट्रातल्या कुणीच विसरू नये. पण ही माणसं पैसा कसा कमावतात ते बघा. ते स्वस्त रॉकेल किंवा सॉल्व्हंट मिसळतात आणि पेट्रोलच्या पूर्ण भावाने विकतात. दोन भावांतला फरक हीच त्यांची कमाई. भेसळ करणारा माणूस पाटीवर भाव उतरवून लोकांना संशय कशाला येऊ देईल? त्यामुळे कमी भाव ही भेसळीची खूण नाही, आणि चढा भाव ही शुद्धतेची हमी नाही.

"साध्या पेट्रोलने इंजिन बसतं, प्रीमियमने ॲव्हरेज 20 टक्के वाढतं."

मेसेजमधला सगळ्यात महाग पडणारा दावा हा आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

प्रीमियम पेट्रोलच्या नावापुढे 95 किंवा 100 असतं, तो ऑक्टेनचा आकडा. लोकांना वाटतं ती ताकद. ती ताकद नव्हे. पिस्टन वर येताना पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबतो, दाबल्याने ते तापतं. प्लगच्या ठिणगीने ज्योत निघते, पण ती पोचायच्या आत कोपऱ्यातलं मिश्रण आपणहून पेटलं की इंजिन आतून टकटक वाजतं. त्याला आपण नॉकिंग म्हणतो. असं अवेळी पेटणं पेट्रोल किती रोखून धरतं, ते ऑक्टेन सांगतो. लिटरभर 100 ऑक्टेनच्या पेट्रोलात 91 च्या पेट्रोलापेक्षा जास्त ऊर्जा भरलेली नसते.

तुमचं इंजिन साध्या पेट्रोलवर टकटक करत नसेल, तर जास्तीचा ऑक्टेन त्याच्या काही कामाचा नाही. आमच्याकडे हे तपासायला आंबोली घाट आहे. चार माणसं बसवा, एसी लावा, तिसऱ्या गिअरमध्ये चढ घ्या आणि काचा खाली करून ऐका. कठड्यावरून आवाज परत येतो, टकटक असेल तर लपत नाही. पाच-सहा वर्षं वापरलेल्या साध्या हॅचबॅकमध्ये हे मी कितीदा ऐकून पाहिलंय. टकटक नसते. असलीच, तर बहुतेक वेळा चालकाने गिअर चुकीचा धरलेला असतो किंवा चुकीचा प्लग बसवलेला असतो.

आकड्यांकडे बघू. साधं 105 ला आणि प्रीमियम 113 ला धरा. गाडी 15 चं ॲव्हरेज देत असेल, तर नुसती बरोबरी व्हायलाच ते 16.1 व्हावं लागेल. महिन्याला 40 लिटर जाळणाऱ्याचे 320 रुपये जास्त जातात, वर्षाचे 3840. तेवढ्यात इंजिन ऑइल बदलून एअर फिल्टर आणि प्लगही नवे बसतात, आणि त्याचा फरक खरंच जाणवतो.

अमेरिकेतल्या 'एएए' या मोटारचालकांच्या मोठ्या संघटनेने 2016 मध्ये साध्या पेट्रोलसाठी बनलेल्या गाड्यांत प्रीमियम भरून चाचण्या घेतल्या. ना ताकद वाढली, ना ॲव्हरेज सुधारलं, ना धूर कमी झाला.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट घडली आहे, ती मेसेज लिहिणाऱ्याला माहीत नसावी. आता पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं (त्यालाच ई-20 म्हणतात) आणि इथेनॉलचा ऑक्टेन शंभरावर आहे. केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट 2025 मध्ये स्पष्ट सांगितलं की पूर्वी 88 असलेला आणि बीएस-6 साठी 91 झालेला साध्या पेट्रोलचा ऑक्टेन इथेनॉलमुळे 95 वर गेला आहे. ज्या 95 साठी आपण जादा पैसे मोजत होतो, ते आता साध्या नोझलमधून येतंय.

मग प्रीमियम कुणी भरावं? ज्यांच्या गाडीच्या पुस्तकात किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत वरचा आकडा लिहिलाय त्यांनी. काही टर्बो गाड्या आणि जास्त दाबाच्या स्पोर्ट्स बाइक यांना तो लागतो. त्यांच्यात कमी ऑक्टेन भरला की नॉकिंग ओळखणारा नॉक सेन्सर ठिणगीची वेळ मागे ढकलतो आणि पिकअप पडतो. तिथे पैसे वाचवू नका.

"पण माझ्या गाडीचं ॲव्हरेज खरंच कमी झालंय!"

हो, झालंय. मी नाकारत नाही. पण त्याचा राग पंपवाल्यावर काढू नका. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी असते. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच लिहिलंय की जुन्या पद्धतीच्या चारचाकींचं ॲव्हरेज ई-20 वर 6 ते 7 टक्क्यांनी आणि दुचाकींचं 3 ते 4 टक्क्यांनी उतरेल. इथेनॉलसाठी जुळवलेल्या गाड्यांचं 1 ते 2 टक्क्यांनी. ज्याची 2012 ची गाडी 16 देत होती आणि आता 15 देते, त्याला भेसळ झाल्यासारखं वाटणं साहजिक आहे. काही जुन्या गाड्यांत 20-30 हजार किलोमीटरनंतर रबराचे भाग आणि गॅस्केट बदलावे लागतील, हे सरकारनेही मान्य केलंय. तो खर्च गाडीमालकाच्या माथी येतो आणि त्याबद्दलची तक्रार रास्त आहे. फक्त ती योग्य ठिकाणी करायला हवी.

बाटलीत पेट्रोल आणि पाणी हलवून "बघा, पाण्याची भेसळ" म्हणणारे व्हिडिओही याच गैरसमजातून आलेत. 100 मिली ई-20 पेट्रोलात 10 मिली पाणी घालून हलवलं की खालचा थर वाढून 30 मिलीच्या आसपास जातो. वाढलेला भाग पाणी नाही. पेट्रोलातलं इथेनॉल पाण्याकडे ओढलं जातं आणि त्याच्यासोबत खाली बसतं. भेसळ नसलेल्या पेट्रोलातही हेच दिसणार.

"प्रीमियमने इंजिन आतून साफ होतं."

यात थोडं तथ्य आहे, आणि ते मान्य करायला हवं. इंजेक्टर आणि व्हॉल्व्हवर थर बसू नये म्हणून पेट्रोलमध्ये डिटर्जंट मिसळतात, आणि ते किती मिसळलंय याने फरक पडतो. त्याच 'एएए'ने 2016 मध्ये जास्त डिटर्जंट असलेलं आणि नसलेलं पेट्रोल 4000 मैलांइतकं चालवून पाहिलं. नसलेल्यात सरासरी 19 पट जास्त थर जमला. मात्र ती तुलना डिटर्जंटची होती, ऑक्टेनची नव्हे. अमेरिकेत जास्त डिटर्जंटची ती प्रत साध्या पेट्रोलमध्येही मिळते.

माझ्याकडे कार्बन धरून येणाऱ्या गाड्यांची कारणं वेगळीच असतात. घर ते बाजार दीड किलोमीटर, इंजिन गरमही होत नाही तोवर बंद. रिंग झिजून ऑइल जळतंय. एअर फिल्टर वर्षानुवर्षं तसाच. एका टाकीभर 100 ऑक्टेनने यातलं काही निघत नाही. आणि ज्या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडतं, त्यांच्या इनटेक व्हॉल्व्हला ते लागतच नाही, मग कुठलंही पेट्रोल ते धुणार कसं?

"सकाळी लवकर भरा, 510 चं भरा."

पेट्रोल एका अंशाने तापलं की साधारण एक हजारांशाने फुगतं. पंपाची टाकी जमिनीखाली असते. सकाळ ते दुपार तिथलं तापमान जेमतेम अंशभर हलतं. पाच लिटरमागे पाच मिली, म्हणजे अर्धा रुपया. त्यासाठी झोपमोड नको.

510 चंही तसंच. मशीन लिटर मोजतं आणि भावाने गुणतं. चिप बसवून चोरी होते हे खरं आहे, 2017 मध्ये ठाणे पोलिसांनी अशा पंपांवर छापे घातले होते. पण मापातच खोट असेल तर 510 लाही कमीच मिळणार. खरा उपाय पंपावरच ठेवलेला असतो, तो म्हणजे शिक्का मारलेलं 5 लिटरचं माप. ते मागायचा ग्राहकाला हक्क आहे. 25 मिलीपेक्षा जास्त तूट आली तर वैधमापन खात्याकडे तक्रार होते. फिल्टर पेपरही मागा, नोझल पुसून त्यावर एक थेंब टाका. चांगलं पेट्रोल दोन मिनिटांत उडून जातं, डाग ठेवत नाही. त्या दिवशीची घनताही पंपावर लिहिलेली असते. ती टँकरच्या चलनावरच्या आकड्याशी ताडून दाखवायला सांगा.

आता मी स्वतः पाहिलेली गोष्ट. दोन वर्षांमागे जुलैत, तीन दिवस धो-धो पाऊस लागून राहिला होता तेव्हा, एका मुलाची स्कूटर ढकलत आणली. आदल्या संध्याकाळी टाकी फुल केलेली, सकाळी सुरूच होईना. मी टाकीतलं पेट्रोल लिटरच्या पारदर्शक बाटलीत उतरवलं. दहा मिनिटांत खाली तीन बोटं गढूळ थर बसला, वर पेट्रोल. दुपारपर्यंत आणखी चार गाड्या आल्या, सगळ्या एकाच पंपावर भरलेल्या. तिथल्या जमिनीखालच्या टाकीत झाकणाच्या सैल गॅस्केटमधून पावसाचं पाणी उतरलं होतं. ई-20 मध्ये पाणी शिरलं की इथेनॉल त्याला घेऊन खाली बसतं आणि पंपाचा पाइप तळाजवळूनच ओढतो. रोज सकाळी डिपच्या काठीला, म्हणजे टाकीत बुडवून पातळी मोजायच्या काठीला, पाणी दाखवणारी पेस्ट लावून तपासायचं असतं, ते त्या आठवड्यात झालं नव्हतं.

मुलाने पाकिटातून बिल काढून दाखवलं. पेट्रोल प्रीमियम होतं. पंपमालकाने टाकी साफ होईपर्यंत ती नोझल बंद ठेवली आणि पाचही गाड्यांच्या कामाचे पैसे दिले. मी तेव्हापासून पावसाळ्यात टँकर खाली होत असताना किंवा पंपाच्या आवारात पाणी तुंबलेलं असताना, कुठल्याही कंपनीचं कुठलंही पेट्रोल भरत नाही.

गोव्याचं विचारणाऱ्या त्या गिऱ्हाइकाला मी हिशेब करून दिला. 35 लिटरमागे 280 रुपये वाचतात. आमच्याकडून मुद्दाम पत्रादेवीला जाऊन यायचं तर सुमारे 40 किलोमीटर, त्यात पावणेतीन लिटर जळतं, म्हणजे जवळपास तेवढेच रुपये गेले. तो दर शनिवारी म्हापशाला जातोच. त्याला म्हटलं, येताना खुशाल भरून ये.