टवटवीत जुडी आणि कॅडमियम : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे. ठाण्याजवळच्या कळवा-दिवा पट्ट्यात रुळांलगत नाल्याच्या पाण्यावर पिकणाऱ्या पालेभाजीवर मी लिहिलं होतं की मातीत जस्त पुरेसं असेल तर पालक कॅडमियम हा विषारी धातू कमी उचलतो. त्यावर तुम्ही म्हणता, ‘विष पचवणारी भाजी पिकवायची आणि लोकांच्या ताटात वाढायची! त्यापेक्षा नुसतं शेणखत घाला, सगळं ठीक होईल.’

नाल्याच्या पाण्याची भलामण मी कुठेच केलेली नाही. तुम्ही मात्र दोन गोष्टींची सरमिसळ करताय. मुळाने धातू आत घेणं वेगळं आणि आत आलेला धातू सोसणं वेगळं.

जस्त आणि कॅडमियम आवर्तसारणीत एकाच गणातले. जस्त आणि लोह आत नेणारी मुळांवरची काही प्रथिनं कॅडमियमलाही आत घेतात. पालकाची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर बहुधा लोह कमी पडलेलं असतं. मग मूळ तीच प्रथिनं वाढवतं आणि मातीत कॅडमियम असेल तर तेही जास्त शिरतं. इथे पोषण दिल्याने भाजीतलं विष खरंच घटू शकतं. भाताचंही तसंच : आर्सेनाइट (आर्सेनिकचं एक रूप) सिलिकॉनच्या वाटेने घुसतं, म्हणून सिलिकॉन दिलं की दाण्यातलं आर्सेनिक कमी होऊ शकतं.

धातू सोसण्याच्या, म्हणजे गंधकाच्या बाबतीत मात्र तुमची शंका रास्त आहे. गंधक वापरून झाड ग्लुटाथायोन आणि त्यापासून फायटोकेलाटिन बनवतं. ही फायटोकेलाटिनं कॅडमियमला धरून पेशीतल्या रिक्तिकेत (साठवणीच्या पिशवीत) कोंडतात. झाड तरारलेलं, कॅडमियम पानातच, आणि पालकाचं आपण खातो ते पानच. बाजारात जुडी उलटसुलट करून टवटवीत बघून घेणाऱ्याला (मीही त्यातलाच) यातलं काही कळत नाही. धुऊनही ते जात नाही. शिशाचं थोडं वेगळं : ते बरंचसं मुळांमध्येच अडकतं, पानावर असतं ते पुष्कळदा धुळीचं, म्हणून धुण्याचा तिथे उपयोग होतो.

खत चुकलं तर उलटही होतं. अमोनियम सल्फेटने मुळांभोवती आम्लता वाढून कॅडमियम सुटं होतं. म्युरेट ऑफ पोटॅशमधलं क्लोराइड त्याला विरघळलेलं ठेवतं. डीएपी हे फॉस्फेटचं खत भरमसाट टाकलं की पिकाला जस्त कमी पडतं, शिवाय फॉस्फेटच्या खडकातून थोडं कॅडमियमही येतं.

राहिलं शेणखत. त्यातला सेंद्रिय भाग धातू काही अंशी बांधून ठेवतो, नाहीसे करत नाही. त्याऐवजी शहरी कचऱ्याचं कंपोस्ट आणलंत तर त्यात मुळातच धातू असू शकतात.

तिथे कसणाऱ्या माणसाला मी आधी पीक बदलायला सांगेन : पालक-माठाऐवजी भेंडी किंवा दुधी, कारण फळात कॅडमियम सहसा पानापेक्षा कमी पोचतं. जस्त त्यानंतर, तेही माती तपासून. आणि पालेभाजी लावायचीच असेल तर पानं प्रयोगशाळेत द्यावीत. पालेभाजीसाठी कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांची) कॅडमियमची मर्यादा किलोला 0.2 मिलिग्रॅम आहे.