फुकटचं नागरिकशास्त्र

स्टाफरूममध्ये नागरिकशास्त्राच्या बाईला कोणी विचारत नाही. गणिताच्या सरांकडे शिकवण्या असतात, विज्ञानाच्या मॅडमकडे प्रयोगशाळेची किल्ली असते, खेळाच्या सरांकडे निदान शिट्टी असते. आमच्याकडे काय, तर अकरा मूलभूत कर्तव्यं. तीही मुलं परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करतात आणि पेपर देऊन पोहे खायला जाईपर्यंत विसरतात.

त्यामुळे ‘सर्व शिक्षकांनी निःशुल्क डिजिटल संसाधनांचा उपयोग करून अध्यापन करावे व छायाचित्र समूहावर टाकावे’ असा फतवा आमच्या इंदूरच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या, तेव्हा मला बरंच वाटलं.

“तुमची तर चैन आहे मॅडम,” गणिताचे सर माझ्याच डब्यातल्या पोह्यांवर जिरावन (आमच्याकडचा पोह्यांवरचा मसाला) भुरभुरत म्हणाले. “सरकारबद्दलचं सगळं सरकारनेच फुकट ठेवलंय. आम्हाला पायथागोरस काय ठेवून गेला?”

सर बोलले ते खोटं नव्हतं. एनसीईआरटीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट. त्यातल्या धड्यावरचा क्यूआर कोड मोबाइलने टिपला की ‘दीक्षा’ या सरकारी शिक्षण-पोर्टलवरचे व्हिडिओ फुकट. विधी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर अख्खं संविधान फुकट, इंडिया कोडवर केंद्राचे कायदे फुकट, निवडणूक आयोगाचं मतदार जागृतीचं साहित्य फुकट. लोकसभा आणि राज्यसभेच्या दोन वाहिन्या एकत्र करून २०२१ मध्ये संसद टीव्ही निघाला, तोही यूट्यूबवर फुकट. इतकं फुकट मिळायला लागलं की माणसाने जरा सावध व्हायला हवं, पण नागरिकशास्त्राच्या बाईला आयुष्यात प्रथमच कोणी चैनीत आहेस म्हणालं होतं.

फुकटची पहिली पायरी म्हणजे नोंदणी. एका पोर्टलवर (नाव घेत नाही, मला पुन्हा लॉगिन करायचंय) आधी शाळेचा अकरा आकडी यू-डायस कोड मागितला. तो दिला. मग पासवर्ड. त्यात एक मोठं अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह हवं, आणि तो लक्षात राहील असा नसावा. तोही दिला. मग पडद्यावर आलं, ‘आपल्या नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे.’ माझा फोन ढिम्म. चौकशी केली तेव्हा कळलं की शाळेचा नोंदणीकृत मोबाइल म्हणजे आमच्या बडे बाबूंचा, म्हणजे हेडक्लार्कांचा, मोबाइल, आणि बडे बाबू निवृत्त होऊन लेकीकडे देवासला राहतात.

बडे बाबू माणूस फार सज्जन. फोन केला की आधी माझ्या सासूबाईंची तब्येत, मग त्यांचा गुडघा, मग पेन्शनचा अडकलेला फरक. इकडे पडद्यावर ओटीपीचे सेकंद उलटे धावतायत.

“बडे बाबू, तो नंबर सांगा ना.”

“हां, हां, आला आहे काहीतरी. थांबा, चश्मा बघतो. अगं, माझा चश्मा कुठे गेला?”

चष्मा फ्रिजवर सापडला तोवर ओटीपी बाद. पुन्हा पाठवला. या वेळी चष्मा डोळ्यांवर होता, पण बाबूंनी अत्यंत काळजीपूर्वक आदल्या वेळचा नंबर वाचून दाखवला. बातमी स्टाफरूममध्ये फुटल्यावर विज्ञानाच्या मॅडमनीही त्यांना फोन लावला. निवृत्तीनंतर कोणी विचारत नाही अशी तक्रार करणारे बडे बाबू हल्ली शाळेच्या वेळेत फोन मांडीवर घेऊनच बसतात असं त्यांची लेक सांगते.

आत गेल्यावरचा त्रास निराळा. ‘संविधान’ असं शोधलं की व्हिडिओ, चाचण्या, भित्तिपत्रकं यांचा नुसता पाऊस. एकाची मुदत संपलेली, एक कन्नडमध्ये, एकात मास्तर पाठमोरे. एका पीडीएफमधला चांगला परिच्छेद उचलून प्रश्नपत्रिकेत चिकटवला, तर तो कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात टंकलेला निघाला आणि आपल्या मूलभूत अधिकारांच्या जागी इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि कंस सांडले. मुलांनी तोही पाठ केला असता म्हणा.

पण खरा घात केला संविधान सभेच्या वादविवादांनी. तेही नेटवर आहेत, ९ डिसेंबर १९४६ च्या पहिल्या बैठकीपासून, शब्दन् शब्द. नववीच्या ‘संविधान निर्माण’ या धड्यासाठी मला त्यातल्या फक्त चार ओळी हव्या होत्या. जेवणं आटपून बसले आणि १७ ऑक्टोबर १९४९ च्या बैठकीत शिरले. हरी विष्णू कामत उभे राहिलेत. त्यांचं म्हणणं, उद्देशिकेची सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ अशी व्हावी. कोणी म्हणतं, ज्याचा विश्वास नाही त्याच्यावर हे का लादायचं? पूर्णिमा बॅनर्जी विनवतायत की देवावर मत द्यायची अवघड पाळी आमच्यावर आणू नका. कामत मागे हटत नाहीत. शेवटी हात वर झाले, मोजले गेले. बाजूने ४१, विरुद्ध ६८. प्रस्ताव पडला.

“अहो, झोपलात का? देवाला एक्केचाळीसच मतं पडली,” मी यजमानांना हलवून सांगितलं.

“डिपॉझिट वाचलं ना?” ते म्हणाले आणि कूस बदलून घोरायला लागले.

हेच कामत पुढे आपल्या होशंगाबादचे खासदार झाले, हे मी दुसऱ्या दिवशी वर्गात मोठ्या ऐटीत सांगितलं. मागच्या बाकावरून एकच प्रश्न आला, “मॅडम, भगवान हार गए तो कामतजी कैसे जीत गए?” हा प्रश्न कोणत्याही पोर्टलच्या प्रश्नपेढीत नाही.

संसद टीव्हीचा प्रयोग त्याहून जोरात झाला. स्मार्ट बोर्डवर प्रश्नकाळ लावला. मंत्री उत्तर देत होते तोवर ठीक होतं, मग एकदम गदारोळ उठला. शेजारच्या वर्गातून संस्कृतचे गुरुजी तणतणत आले. “मॅडम, तुमच्या वर्गाला जरा आवरा!” माझी नववी ‘ब’ हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवून बसली होती. गुरुजींनी बोर्डाकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं आणि काही न बोलता निघून गेले. मग मी मुद्दाम जुनं चित्रण शोधलं, आपल्या सुमित्राताई महाजन लोकसभेच्या अध्यक्षा होत्या तेव्हाचं, २०१४ ते २०१९ मधलं. इंदुरातून सलग आठ वेळा निवडून गेलेल्या ताई सगळ्या सभागृहाला खाली बसवतायत, हे बघताना वर्गातल्या चारदोन मराठी पोरांच्या माना उगाचच ताठ झाल्या. माझीही झाली असणार. छायाचित्रात तसं दिसतंय.

मग धडा आला निवडणुकीचा. मॉनिटर निवडायचाच होता, तर मोबाइलवर मतदान यंत्राचं ॲप घेऊन रीतसर निवडणूक घेऊ म्हटलं. उमेदवार तीन. मुलांनी पहिली मागणी केली, “मॅडम, नोटा चाहिए.” नोटा म्हणजे ‘वरीलपैकी कोणी नाही’चं बटण. आता इंदूरच्या पोराला नोटा शिकवावा लागत नाही. २०२४ च्या लोकसभेला आमच्या शहराने नोटाला २,१८,६७४ मतं दिली. नोटा दुसऱ्या क्रमांकावर आला आणि देशात आजवर कुठेही पडली नसतील इतकी मतं घेऊन आला. स्वच्छतेत पहिले आलो की चौकाचौकांत फलक लागतात, या विक्रमाचा एकही लागला नाही, एवढाच फरक.

तर नोटा ठेवला. आणि नववी ‘ब’मध्ये नोटा सर्वांत जास्त मतांनी निवडून आला.

मी आयोगाचा नियम काढून वाचून दाखवला. लोकसभेला किंवा विधानसभेला नोटाला कितीही मतं पडोत, उमेदवारांपैकी ज्याला जास्त मतं तोच विजयी. वर्ग खवळला. “फिर बटन क्यों दिया?” त्यांची समजूत घालायला म्हणून मी सांगितलं की महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये स्थानिक निवडणुकांसाठी वेगळं ठरवलंय. तिथे नोटाला सर्वाधिक मतं पडली तर पुन्हा निवडणूक. पहिल्या बाकावरची मुलगी लगेच उभी राहिली. “मॅडम, आप तो मराठी हो ना? तो महाराष्ट्र वाला लगा दो.” चार पिढ्या आम्ही रामबागेत राहतोय हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता. सध्या वर्गाला मॉनिटर नाही. खडू-डस्टर मीच आणते.

घरी मात्र या सगळ्याचा एका माणसाला फायदा झाला. संसदीय कार्य मंत्रालयाचं एक पोर्टल आहे, २६ नोव्हेंबर २०२१ ला सुरू झालेलं. संविधानाची उद्देशिका आपल्या भाषेत वाचायची आणि वाचल्याचं प्रमाणपत्र घ्यायचं. मी मुलांसाठी करून बघत होते तर सासूबाई मागून म्हणाल्या, “मराठीत आहे का गं? मोठं कर जरा.” आणि त्यांनी ‘आम्ही, भारताचे लोक’पासून सुरुवात केली ती थेट स्तोत्राच्या चालीत. ‘सार्वभौम समाजवादी धर्मनिरपेक्ष’वर श्वास घेतला, ‘दर्जाची व संधीची समानता’ला नकळत हात जोडले, आणि शेवटच्या ‘अर्पण करत आहोत’नंतर सवयीने डोळ्यांना पाणी लावलं. प्रमाणपत्र छापून आणल्यावर त्यांनी ते चष्म्याजवळ धरून बराच वेळ न्याहाळलं.

“यावर माझं नाव आहे, तारीख आहे,” सासूबाई म्हणाल्या. “म्हणजे नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यायला जायला नको ना आता?”

मी नाही म्हटल्यावर त्यांचा सरकारवरचा विश्वास थोडा डळमळला.

शेवटचा उपक्रमही असाच एका फुकटच्या शिक्षक-पुस्तिकेतला. ‘विद्यार्थ्यांकडून माहितीच्या अधिकाराचा नमुना अर्ज लिहून घ्यावा.’ मी कायदा नीट समजावला. २००५ चा कायदा, दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. मला वाटलं होतं पोरं रस्त्यावरचे खड्डे विचारतील, नळाचं पाणी विचारतील. सगळा वर्ग मिळून एकच अर्ज आला, माझ्या नावे. सहामाहीच्या सामाजिक विज्ञानाच्या पेपरात प्रश्न सातला कोणाला किती गुण कोणत्या निकषावर दिले, तपासणीच्या वेळी मॅडमसमोर नमुना उत्तर होतं का, असल्यास त्याची प्रत मिळावी. सोबत व्यापाराच्या खेळातली दहा रुपयांची नोट, टाचणी लावून. खाली लाल शाईत टीप. मुदतीत उत्तर न आल्यास प्रथम अपील प्राचार्य मॅडमकडे करण्यात येईल.

रात्री कायदा उघडून बसले. कलम ८ मध्ये माहिती नाकारण्याची कारणं आहेत, ‘क’ पासून शेवटपर्यंत दहा. देशाची अखंडता झाली, संसदेचा विशेषाधिकार झाला, परकीय शासनाकडून गोपनीयपणे मिळालेली माहिती झाली, मंत्रिमंडळाची कागदपत्रं झाली. प्रश्न सातला लागू पडेल असं अजून एकही सापडलेलं नाही.